रेडिओ नसलेली कॅनडाची गाडी

जिंतूरच्या स्टँडवर आईनं माझी बॅग शेवटपर्यंत हातातून सोडली नाही. कंडक्टरनं डबल बेल दिली तेव्हा कुठे तिनं ती खिडकीतून आत ढकलली. वडील म्हणाले, "कुणाला भ्यायचं नाही. आणि कळालं नाही तर विचारायचं, लाजायचं नाही." मग जयभीम म्हणाले आणि पाठ फिरवली. त्यांना रडताना आम्ही कधी पाहिलेलं नाही, त्या दिवशीही त्यांनी पाहू दिलं नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन एकटी निघालेली आमच्या गल्लीतली मी पहिलीच मुलगी.

भोसरीत मी आणि आणखी दोघी, अशा तिघींनी मिळून खोली घेतली. चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत असेंब्ली लाइनच्या शेवटाला काम होतं. गिऱ्हाइकानं मागितलेलं सगळं गाडीत बसलंय की नाही, ते मी तपासायची. रंग, सीटचं कापड, चाकं, प्रत्येकाला कोड. खोलीवर मी "काय करायलाव?" म्हटलं की दोघी हसायच्या. वर्षभरात मी "काय करताय?" म्हणू लागले. गावी फोनवर आई विचारायची, "सगळं बरं हाय ना?" मी म्हणायची, बरं आहे. शिफ्टमध्ये चक्कर येऊन पडले त्या दिवशीही तेच म्हणाले. बाहेर पडलेल्यांनो, तुम्हीही हेच म्हणत असाल. आणि गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला ते खरं वाटत नसणार, हे आता मला कळतं.

पुढे कंत्राट संपलं आणि मी भोसरीतच शिंदेभाऊंच्या वर्कशॉपमध्ये लागले. भाऊ मूळचे इथलेच. जुन्या गाड्या नव्यासारख्या करणं हा त्यांचा धंदा. मागच्या वर्षी तिथं मोरेकाका आले. चिंचवडचा हा माणूस तरुणपणी कॅनडाला गेला, तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात उभा जन्म काढला आणि आता पुनावळ्याला लेकीकडे राहायला आला. सोबत तिकडे जुनीच विकत घेतलेली एक गाडी जहाजातून आणली. पन्नास वर्षांपूर्वीची, दोन दारांची, लांबलचक, मळकट हिरवी. काका एवढंच म्हणाले, "कारखान्यातून निघाली तशी करून द्या."

तशी म्हणजे कशी? गाडीत इंजिन राक्षसासारखं, पण रेडिओसुद्धा नाही. सीट साधी, एकसंध बाकासारखी. चकाकणारी पट्टी कुठं नाही. भाऊंनी बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाले, "ह्ये इंजिन कुणीतरी मागनं बसवलंय. अशी गाडी कोन घेतंय? लाल रंग मारू, रेडिओ टाकू, म्हातारा खूश व्हईल."

इंजिनमागच्या पत्र्यावर रिव्हेट मारलेली एक पट्टी होती, तिच्यावर ठोकलेले आकडे. माझ्यासाठी ते घरचंच काम. कंपनी अमेरिकन, म्हणून अमेरिकन कोडचं पुस्तक मिळवलं, पण काहीच जुळेना. पुस्तकाप्रमाणे गाडी पांढरी, आणि मी दाराच्या कोपऱ्यात रंग खरवडला तर खाली हिरवाच. मलाही वाटलं, पट्टी दुसऱ्या गाडीची असणार. मग वडिलांचं ऐकलं आणि विचारलं. अशा गाड्या सांभाळणाऱ्या तिकडच्या हौशी लोकांना फोटो पाठवले. उत्तर आलं: ही कॅनडात बनलेली गाडी, तिथल्या कारखान्याचे कोड वेगळे, अमेरिकन पुस्तकानं वाचूच नका. मग एकेक आकडा उलगडत गेला. हिरवा रंग कारखान्याचा. मोठं इंजिन कारखान्याचं. जाड स्प्रिंगा, दणकट बॅटरी, मोठा हीटर, सगळं मागवून घेतलेलं. रेडिओ मात्र मुद्दाम नको म्हटलेला. डॅशबोर्डला त्याचं भोकही पाडलेलं नव्हतं.

राहिली एक वायर. पुढच्या जाळीतून लोंबत होती, टोकाला घरातल्यासारखा प्लग. भाऊंनी ती कापायला पक्कड घेतली.

"भाऊ, थांबा. ती पण कारखान्याची आहे. तिचाही कोड पट्टीवर आहे, कशाची ते कळायचंय."

"अगं, मोटारीला प्लग कशाला? मिक्सर हाय का त्यो?"

"कापायची असेल तर कापा. पण मग गाडी मूळची आहे असं काकांना तुम्ही सांगा, मी नाही सांगणार."

भाऊंनी वायर एकदा ओढून पाहिली. शेवटी पक्कड खाली ठेवून त्यांनी काकांनाच बोलावून घेतलं. काकांनी प्लग हातात घेऊन पुसला. मग म्हणाले, "याच्यानं इंजिन गरम राहतं. तिकडे हिवाळ्यात गाडी प्लगला लावूनच झोपायचं. पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी गाडी चालू होईना, शिफ्ट चुकली, आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. त्याच दिवशी आईला लिहिलं, इथं सगळं मस्त आहे." ते हसले. "ही गाडी उत्तरेकडच्या माणसानं घेतली असणार. शेकडो मैल बर्फ. त्याला गाणी नको होती, घरी पोचायचं होतं."

तिकडची वीज एकशेदहा व्होल्टची, म्हणून भाऊंनीच ट्रान्सफॉर्मर आणला. प्लग लावला. थोड्या वेळानं त्यांनी इंजिनला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "व्हय की राव!" सगळं वर्कशॉप हसलं. गाडी हिरवीच राहिली, रेडिओविना. काकांनी ती घरी नेली तेव्हा शेजारी त्यांची लेक बसली होती, आणि ते तिला एकेक बटण दाखवत होते.

त्यानंतर मी घरी फोनवर नुसतं "बरं आहे" म्हणणं सोडलं. दमले तर दमले म्हणते. आई ऐकून घेते, मग तिच्या गुडघ्यांचंही सांगते.

यंदा मोशीत स्वतःचा वन-बीएचके घेतला. आईवडील आठवडाभर राहिले. निघताना आई चपला घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "येते गं." आजवर तिच्या घरून निघताना हे मी म्हणायची. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती थबकली. मग माझ्या उंबऱ्याला तिनं हात लावला, तो कपाळाला लावला, आणि जिना उतरू लागली.