वामनचं जर्मन घड्याळ

पांढुर्ण्याच्या बसचा कंडक्टर सौंसरच्या स्टँडवर उतरला तो सरळ माझ्याकडेच आला. "गुरुजी, तुमचे वामन मास्तर गेले." बस परत फिरली तसा त्याच बसनं मी पांढुर्ण्याला निघालो... वामन आणि मी ट्रेनिंगपासूनचे मित्र. त्याला नोकरी पांढुर्ण्याला लागली, मला सौंसरला.

लहानपणीच्या तापानं त्याच्या हृदयाची झडप बिघडली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी मुंबईला ऑपरेशन करायला सांगितलं, आणि त्याच सुमारास रामाकोन्याच्या बाजारात भंगारवाल्याकडे त्याला ते घड्याळ सापडलं. कमानीच्या आकाराचं, लाकडी, फळीवर ठेवायचं. आतल्या पितळी पत्र्यावर जर्मन कारागिराचं नाव. वामननं ते सगळं खोललं, चाकं रॉकेलमध्ये धुतली, लाकडाला पॉलिश केलं. स्प्रिंग मात्र तुटलेली. त्या नावाचा माग काढत तो नागपूरच्या एका म्हाताऱ्या पाद्र्यापर्यंत पोचला. पाद्री त्याच मुलखातले. त्यांनी सांगितलं, तिकडे बर्फानं रस्ते बंद झाले की शेतकरी घरात बसून घड्याळं करत. हा कारागीरही त्यातलाच, गोठ्याशेजारच्या खोलीत सुरुवात केलेला. पुढे नातवांनी कारखाना काढला. सेलवरची घड्याळं आली आणि तो कायमचा बंद पडला.

"आता स्प्रिंग कुठून आणू रे?" वामन म्हणाला. "बनवणारंच कोणी नाई राह्यलं."

"घड्याळ राहू दे. तू आधी मुंबईले जा."

"हे दुरुस्त करून राहिलो ना... झालं की जातो."

तो घाबरला होता. त्याच्या बायकोला, शांतावहिनींनाही ते कळत होतं, पण बोलायचं कोणी?

शेवटी नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका लोहारानं स्प्रिंग घडवून दिली. घड्याळ चाललं, टोले पडले, वामन खूप दिवसांनी मोकळं हसला. मग आम्ही नागपूरला गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आता शरीर ऑपरेशन सोसणार नाही... परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत होता. "त्या जर्मनवाल्याचं सारं विचारलं पाद्र्याले," तो म्हणाला, "मेला कसा, तेच विचारायचं राह्यलं."

परवा वहिनींना भेटायला गेलो. घड्याळ बंद होतं. चावी द्यायला हात पुढे केला.

"नका, भावजी. टोले पडले की वाटते, हे उठून बसले."

"मग घेऊन जाऊ का मी?"

त्यांनी पदरानं घड्याळावरची धूळ पुसली, म्हणाल्या, "नाई... राहू द्या." आणि चहा ठेवते म्हणून आत गेल्या. मी बसून राहिलो. स्टोव्ह पेटल्याचा आवाज काही आला नाही.