दोन बुलेटची अँबेसेडर

भडगावात पितांबर मिस्त्रीला मोटारसायकलचा आजार सांगायची सोय नव्हती. गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की तो हात वर करायचा. "तुम्ही गप्प बसा, तिला बोलू द्या." मग गाडी चालू करून, मान वाकडी करून, डोळे मिटून ऐकत राहायचा. बघणाऱ्याला वाटावं, रेडिओवर शास्त्रीय गायन लागलंय. निदान मात्र बरोबर निघायचं, हे कबूल करायलाच हवं. त्याची बायको सुंदरबाई म्हणायची, "बुलेट खडखडली तर यांना पाचोऱ्याहून ऐकू येतं. दळण आणा म्हटलेलं ओट्यावरून ऐकू येत नाही."

पण ही सगळी कीर्ती दोन चाकांवर. कुणाची जीप बंद पडली, तर लोक तिला मिस्त्रीच्या दारावरून ट्रॅक्टरने ओढत चाळीसगावला न्यायचे. त्या वेळी मिस्त्री चहा पीत बसलेला असेल, तर कप तसाच खाली ठेवायचा.

१९८८च्या दिवाळीनंतर त्याच्या दारात चार चाकं आली. धुळ्याच्या एका वकिलांच्या अंगणात अँबेसेडर सहा वर्षं उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या आणि कार्बोरेटर कुणीतरी केव्हाच काढून नेला होता. मिस्त्रीने वकिलांची बुलेट नीट केली, तेव्हा वकील म्हणाले, "मिस्त्री, एवढे उपकार केलेच आहेत, तर ही पण घेऊन जा." गाडी ओढून नेली तेव्हा वकिलीणबाईंनी हात जोडले. गाडीला की देवाला, ते कळलं नाही.

आता कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचा आचारी. पेट्रोल किती, हवा किती, हे कालवण तो करतो. मोटारीचा आचारी मोटारीच्या मिस्त्रीकडे मिळतो, आणि तिथे मागायला जाणं म्हणजे चाळीसगावला शरण जाणं. पितांबर मिस्त्रीने आपल्या भंगारातून बुलेटचे दोन कार्बोरेटर काढले. अँबेसेडरच्या इंजिनाला हवा घ्यायची तोंडं दोन. पाइपाचे दोन तुकडे वेल्डिंग करून त्याने दोन्ही तोंडांवर एकेक कार्बोरेटर बसवला आणि दोघांच्या तारा एकाच पायाखाली, म्हणजे ॲक्सिलरेटरला, आणल्या.

यातला एक कार्बोरेटर एका फौजदाराच्या बुलेटचा होता आणि दुसरा दूधवाल्याच्या. गावाने लगेच दोघांचे स्वभाव ओळखले. फौजदाराचा होता तो खायचा फार. दूधवाल्याचा पेट्रोलमध्ये हवा इतक्या सढळ हाताने मिसळायचा, की भिकन टेलर म्हणाला, "सवय हो, दुसरं काय." दोघांना एका मापात आणण्यासाठी मिस्त्री दोन महिने रबराची नळी कानाला लावून एकदा याचा श्वास ऐकत होता, एकदा त्याचा. याला स्क्रूने जरा समजावलं की तो रुसायचा.

एवढं करून गाडी पळाली, आणि अशी पळाली, की पाचोऱ्याच्या रस्त्यावर तिने एसटीला मागे टाकलं. आवाज मात्र दोन बुलेट भांडत चालल्यासारखा. एकच दोष होता. मिस्त्री लोक ज्याला स्लो म्हणतात, म्हणजे पाय काढल्यावर इंजिनाने आपलं आपण हळूहळू चालत राहणं, ते तिला जमत नव्हतं. पाय काढला की ती विझायची.

भिकनने हे बोलून दाखवलं, तर मिस्त्री म्हणाला, "भाऊ, गाडी चालायला असते. उभं राहायला खुर्ची घ्या."

खुर्चीवर उभं कोण राहतं, हे भिकनने विचारलं नाही.

उन्हाळ्यात मिस्त्रीच्या बहिणीच्या, यशोदाबाईंच्या मंदाचं लग्न धुळ्याच्या स्थळाशी ठरलं. साखरपुड्याला नवरदेवाचे मामा लीलाधर आले. त्यांचं धुळ्यात मोटारींचं गॅरेज. ओळख झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "मिस्त्री, चारचाकी पण बघता का?"

"बघत नाही, चालवतो," मिस्त्री म्हणाला. "लग्नात नवरदेव माझ्याच गाडीतून मांडवात येईल."

यशोदाबाईंनी त्याला चुलीपाशी गाठलं. "भाऊ, गाडी रस्तामा बंद पडनी ते मनी पोरले सासरमा जनमभर आयकनं पडी."

"बंद पडाले ती काय तुना रेडिओ शे?"

लग्नाच्या दिवशी सकाळी साडेदहाला मारुतीच्या देवळापासून नवरदेवाची मिरवणूक निघाली. अँबेसेडरला झेंडूच्या माळा, मागच्या सीटवर नवरदेव आणि त्याच्याभोवती सात-आठ पोरं. पुढे बँड, बँडपुढे आम्ही नाचणारे. मिस्त्रीने सगळ्या रस्त्यांवर गाडी तपासली होती. एक गोष्ट राहिली होती. लग्नातली गाडी इंजिनाच्या चालीने जात नाही, बँडच्या चालीने जाते. आणि बँड मारुतीपाशी सुरू झाला तो वीस मिनिटांनी पानाच्या दुकानापर्यंत आला होता, म्हणजे साधारण ऐंशी पावलं.

पाय ठेवला की गाडी गर्जना करून बँडवाल्यांच्या अंगावर जायची. काढला की विझायची. तिसऱ्या गर्जनेला ट्रम्पेटवाला वाजवणं सोडून पळाला. चौथ्या वेळी चावी फिरवली, तर आतून नुसतं कण्हल्याचा आवाज आला. बॅटरी संपली होती. वर वैशाखाचं ऊन, आणि समोरून लीलाधरमामा रुमालाने मान पुसत येत होते.

"काय झालं मिस्त्री? बोनेट उघडू?"

"नको, नको." मिस्त्री हसला. असा हसताना आम्ही त्याला कधी पाहिलं नव्हतं. "बँड नीट ऐकू यावा, म्हणून बंद केली."

मग खिडकीतून त्याने भिकनला बोलावलं आणि ओठ न हलवता म्हणाला, "मागे जाऊन नाचा."

"मागे कोण नाचतं?"

"तुम्ही. डिकीला हात लावून."

अशी आमच्या गावची एक नवीन नाचाची तऱ्हा सुरू झाली. आम्ही पाच जण डिकीवर हात ठेवून, कंबर हलवत, गाडी ढकलत नाचू लागलो. मिस्त्री आत ताठ बसून स्टेअरिंग फिरवत होता, अधूनमधून गिअर टाकल्याचं नाटकही करत होता. बाजारपेठेच्या चौकात थोडा चढ आहे. तिथे गाडी आमच्या अंगावर यायला लागली आणि भिकन म्हणाला, "संपलो." तेवढ्यात माझ्या शेजारी सहाव्या माणसाचा हात आला. हातात घड्याळ, बोटांत ग्रीस मुरलेलं. लीलाधरमामा.

मामा आमच्याकडे न बघता नाचत होते, म्हणजे ढकलत होते. दम खात एवढंच म्हणाले, "आमच्या अक्काला कळता कामा नये. पोराला बंद गाडीतून आणला म्हणून माझंही डोकं खाईल." तेव्हा कळलं, गाडीच्या दोन्ही टोकांना आपापल्या बहिणीला भ्यालेला एकेक माणूस होता.

मांडवात गाडी वेळेवर लागली. नवरदेवाची आई नर्मदाबाई यशोदाबाईंना म्हणाल्या, "गाडी बाकी गरीब शे हो तुमनी. आवाज म्हनीसन नही." यशोदाबाईंनी भावाकडे अभिमानाने पाहिलं. मिस्त्री पायातली चप्पल नीट करू लागला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण पाच वाजता पाठवणीच्या वेळी नर्मदाबाईंनी नवरीसाठी आणलेल्या जीपकडे पाठ फिरवली. "नवरी हाईच गाडीमा जाई. मी बी बसस."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. बॅटरी तशीच मेलेली. मंदा रडत गाडीत बसली, नर्मदाबाई तिच्याशेजारी, नवरदेव पुढे, आणि आता चावी फिरवण्याखेरीज इलाज उरला नाही. तेवढ्यात लीलाधरमामा मांडवाला ऐकू जाईल असं बोलले, "आमच्या धुळ्याकडे पद्धत आहे. नवरीची गाडी माहेरच्यांनी वीस पावलं ढकलायची."

"असी कधी व्हती पद्धत?" नर्मदाबाईंनी खिडकीतून विचारलं.

"अक्का, तू नवरी होतीस तेव्हा बैलगाडी होती."

आम्ही ढकललं. पंधराव्या पावलाला मिस्त्रीने क्लच सोडला आणि दोन्ही कार्बोरेटर एकदम जागे झाले. मांडवातली कुत्री उठून पळाली. यशोदाबाई रडायच्या थांबून बघत राहिल्या.

पुढचं मंदाने पहिल्या माहेरपणाला सांगितलं. पारोळ्याच्या रस्त्यावर तिच्या मामाने, म्हणजे मिस्त्रीने, पाय काढलाच नाही. म्हैस आली तरी नुसता हॉर्न. नर्मदाबाई बराच वेळ पदराने कान झाकून बसल्या होत्या. शेवटी पुढे वाकून ओरडल्या, "सकायले इतली गरीब व्हती. आते का बरं वरडस?"

मिस्त्री समोर बघत ओरडला, "माहेर सुटनं ना, म्हनीसन रडस."

मंदाला रडता रडता हसू फुटलं. नर्मदाबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा मिस्त्रीच्या घामाने भिजलेल्या मानेकडे. मग सीटला टेकून बसत म्हणाल्या, "मंग रडू द्या. थांबाडू नका."