साखरेची डबी घेऊन येणारे वरचे भाडेकरू

चहाला बोलावल्यावर स्वतःची साखर घेऊन येणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल, आणि तो आमच्या राजापेठेतल्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. मुलांनो, तुमच्या या आजीच्या, म्हणजे माझ्या, स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर नाव लिहिलेले असते. त्या घरात या गृहस्थांनी खिशातून साखरेची डबी काढली, तेव्हा माझ्या हातातली किटली तशीच अधांतरी राहिली. "राग नका मानू, काकू," ते म्हणाले, "तुमच्याइथं साखर असनच. पण ते माह्यावालीसारखीच हाय का, हे कोन सांगावं?" पुढे जेवायला आले ते मीठ, लिंबू आणि पाट घेऊन. त्यांची बायको म्हणाली, "काकू, हे माह्या माहेरीसुदिक पाणी भरून नेतात. तिथं विहीर हाय."

या खुळाचे मूळ नांदगाव खंडेश्वरला, त्यांच्या सासऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत आहे. ते घडले तेव्हा मी त्यांच्याबरोबर बाग पाहायला गेले होते. ठिबक सिंचनाचे व्हॉल्व्ह मोबाइलवरून उघडावेत, असा प्रोग्राम हे जावई लिहीत होते. प्रोग्राम मोठा आणि कॉम्प्युटर जुना. म्हणून त्याचे काही तुकडे इथे वरच्या मजल्यावर आणि काही अकोल्याला भावाच्या कॉम्प्युटरवर कंपाइल होत, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात तयार होत. कोणत्या व्हॉल्व्हचा नंबर कोणता, याची यादी हेडर फाइल नावाच्या फाइलमध्ये असे आणि प्रत्येक तुकडा ती फाइल वाचूनच तयार होई. त्यांनी इथल्या फाइलमध्ये नंबर बदलले. अकोल्याची प्रत जुनीच राहिली, म्हणून तिथले तुकडे जुन्या नंबरांवरच तयार झाले. "तिथं हाय ना फाइल," एवढ्या भरवशावर काम झाले.

बाग तेव्हा ताणावर होती. झाडांचे पाणी तोडून त्यांना तहानलेले ठेवले की पुढे बहर भरघोस येतो. मध्येच पाणी मिळाले तर तो बिघडतो आणि वर्ष हातचे जाते. जावयांनी भाजीच्या वाफ्याचे बटण दाबले आणि पाणी टपकू लागले ते संत्र्याच्या ओळींत. सासरे शांतपणे म्हणाले, "जावईबापू, आमी बागेले तहानलेली ठेवून राहिलो, अन् तुमी पाजून राहिले?" जावई पाण्याची मोटार बंद करायला अनवाणी धावले, तरी कडेच्या ओळी भिजल्याच. "आता हे यंत्र घेऊन बागेत येऊ नका," सासरे म्हणाले.

तेव्हापासून अकोल्याला जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याबरोबर हेडर फाइलही इथूनच जाऊ लागली. भाऊ फोनवर चिडवी, "दादा, फाइल इथं हाय ना, कावून पाठवून राहिला?" "असू दे. माह्यावाली घे." काम रखडे, पण चुकत नसे. तोच नियम आमच्या चहालाही लागला.

पुढच्या ताणाच्या वेळी सासऱ्यांनी आपण होऊन बोलावले आणि बटण स्वतःच्या बोटाने दाबले. पाणी नेमके भाजीत गेले. त्यानंतर काही दिवसांनी हे कुटुंब अकोल्याला राहायला गेले. निघायच्या सकाळी ते चहाला आले आणि त्यांनी खिसा चाचपला. डबी सामानात बांधली गेली होती. मी माझा साखरेचा डबा पुढे केला. त्यांनी चमचाभर साखर घातली, घोट घेतला आणि हळूच म्हणाले, "सारखीच हाय, काकू."

वरची खोली अजून रिकामी आहे. हल्ली पाहुणे रिकाम्या हाताने चहाला बसतात, आणि मलाच काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.