वेलीमागची भिंत

आश्विनातल्या एका सकाळी सातच्या सुमाराला मंगलचा फोन आला. मंगल ही तोंडवलीला आमच्या आक्काच्या शेजारी राहते. मासळीची पाटी घेऊन निघताना ती रोज आक्काच्या खिडकीशी हाक मारून जायची. त्या दिवशी हाकेला ओ आली नाही. "भाऊ, तुमी येवा," एवढंच ती म्हणाली. कुडाळहून तोंडवलीला जाताना मी रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं, जरा हळू चालव. आता घाई कशाची असं वाटलं असेल, किंवा मला पोचायचंच नसेल. आक्का पश्चिमेच्या खोलीत, खिडकीखालच्या खाटेवर, कुशीवर झोपल्यासारखी पडली होती. समाचाराला येणारा जो तो म्हणाला, 'एकटीच होती बिचारी,' आणि म्हणताना माझ्याकडे बघायला कोणी विसरला नाही. म्हातारी बहीण समुद्रावरच्या घरात एकटी, आणि भाऊ कुडाळात पंख्याखाली. त्या बघण्याला उत्तर म्हणून हे लिहितो आहे.

आक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. तिला आचऱ्याला दिली होती. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी भावोजींची होडी परत आली, भावोजी आले नाहीत. सासरहून ती माहेरी आली तेव्हा तिच्याकडे एक ट्रंक होती आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली मधुमालतीची फांदी. वडिलांनी तिला पश्चिमेची खोली दिली आणि तिने खोलीच्या भिंतीला लागून ती फांदी लावली. आई आधीच गेलेली, त्यामुळे नऊ वर्षांचा मी आपोआप तिच्या वाट्याला आलो. कुळथाची पिठी आणि कोकमाचं आगळ विकून तिने मला शिकवलं. वेळेला पेज वाढली आणि वेळेला पाठीत धपाटेही घातले. मी सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो तेव्हा तिने गावभर सांगितलं, "माझो झील सायब झालो." झील म्हणजे मुलगा. भाऊ म्हणायचं ती विसरली की मुद्दाम तसं म्हणाली, हे मी कधी विचारलं नाही.

माझी पत्नी गेली आणि पाठोपाठ मी निवृत्तही झालो. मुलगा नितीन पुण्यात. कुडाळच्या घरात मी एकटा, तोंडवलीच्या घरात आक्का एकटी. दोन चुली कशाला, म्हणून मी तिच्या मागे लागलो की कुडाळला चल. ती नाही म्हणायची, आणि तिच्या 'नाय'पुढे आमचे वडीलही हात टेकायचे. मग मी म्हटलं, निदान ती वेल तरी छाटूया. मधुमालती एव्हाना अख्खी पश्चिमेची भिंत गिळून कौलांत शिरली होती. कौलं सरकत होती, खोलीत अंधार झाला होता, आणि एकदा तर खिडकीतून फुरसं निघालं. पण दर वेळी आक्काकडे कारण तयार. कधी म्हणे फुलं आलीत, आता कापू नये. कधी बुलबुलाने घरटं केलंय. कधी अमावास्या आडवी यायची, तर कधी नुसतंच, पुढच्या वर्षी बघू. उभा जन्म मी कचेरीत लोकांना असंच 'पुढच्या आठवड्यात या' सांगत काढला, तरी मला टाळाटाळ ओळखता आली नाही! मला वाटायचं, भावोजींच्या अंगणातली फांदी, हिच्याने तिला कोयता कसा लाववेल? असा आपला हळवा होऊन मी गप्प बसायचो.

तीन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात मात्र मी हट्टालाच पेटलो. शिडी आणली, कोयत्याला धार लावून घेतली, आणि तिला बरं वाटावं म्हणून मीच सुचवलं की आधी गाऱ्हाणं घाल, मग कापू. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा म्हणतात तो असा. आमच्याकडे घराची, शेताची, होडीची कुठलीही गोष्ट करण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. हे खरं पुरुषांचं काम, पण आमच्या घरात वडलांमागे आक्काच घालायची आणि कोणाची हरकत घेण्याची टाप नव्हती. गाऱ्हाण्यात खोटं बोलायचं नसतं, आणि एकदा होकार भरला की मागे घ्यायचा नसतो. लहानपणापासून इतकी गाऱ्हाणी ऐकलेली की तोंड आपोआप चालतं, कान असतात भलतीकडे. माझं लक्ष वेलीच्या बुंध्याकडे होतं, कुठून सुरुवात करावी.

आक्काने बराच वेळ भिंतीकडे बघितलं. मग पदर सारखा केला, हात जोडले आणि सुरू झाली.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या वेलीक कोयतो लागतलो. आमचा काय चुकला-माकला तर माफ कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"वेलीच्या पाठी भिंतीक चीर पडली आसा. ती मी दोन पावसाळे लपवन ठेवलंय. तुझ्यापासून काय लपाचा नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ती बघून माझ्या भावाक माका हयसून न्हेवची बुद्धी होतली. ती बुद्धी फिरय, आणि ह्याच घरात माझे डोळे मिटांदेत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

म्हणालो आणि मग ऐकलं. वळून बघतो तर आक्काने जोडलेले हात खाली घेतले होते. मी रागावून विचारलं, आक्का, हे काय? ती शांतपणे म्हणाली, "तू व्हय म्हटलंस. आता देवाच्या नि माझ्या मधी येव नको." मी भावोजींच्या आठवणीचं काहीतरी पुटपुटलो, तर माझी कीव करावी तसं तिने बघितलं. "वेल काय रे, छाटली तरी परत फुटता. माका घर होया होता." होया म्हणजे हवं.

वेल उतरवली तेव्हा चीर दिसली. खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट जोत्यापर्यंत, चिऱ्यांचे सांधे सोडत गेलेली. तिच्यात आक्काने हात पोचेल तिथवर काथ्या, माती आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या. सत्तरी उलटलेली बाई कोणाला कळू नये म्हणून वेलीत शिरून एकटी भिंत बुजवत होती. त्या फुरशाच्या वेलीत! माझ्या धाकाने... मी शिडीवरच बसून रडलो. खाली ती फांद्यांचे भारे बांधत होती, तिने वर पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी आणला, फुटलेले चिरे बदलले, सांधे भरले, आणि कुडाळचा विषय मी सोडून दिला.

पूर्ण सोडला म्हणणं खरं नाही. गेल्या पावसाळ्यात ती अंगणात घसरली आणि हात प्लास्टरमध्ये गेला. महिनाभर मी तिथे राहून तिची वेणी घालायला शिकलो. निघताना जीभ वळवळली, आता चल म्हणून. मी चपला घातल्या आणि निघालो. तेव्हा जबरदस्तीने नेली असती तर आणखी दोन वर्षं जगली असती का? असेलही. कुडाळच्या खोलीत बसून दाराकडे बघत जगली असती. मी शब्द पाळला याचा मला अभिमान नाही आणि पश्चात्तापही नाही. तिच्याशिवाय फार सुनं वाटतं, तेवढं मात्र खरं.

तेराव्याला आलेला नितीन मला पुण्याला न्यायला निघाला होता. दोन दिवस घर आवरून येतो म्हणून मी मागे राहिलो, त्याला पाच आठवडे झाले. पश्चिमेच्या खोलीतच झोपतो. सकाळी मंगल हाक मारते, मी ओ देतो. मधुमालती पुन्हा कौलांना टेकली आहे. परवा फोनवर नितीनला मागे खिडकी दिसली. म्हणाला, बाबा, ती वेल किती माजलीय, छाटून का घेत नाही? मी म्हटलं, फुलं आलीत, आता कापू नये. भिंत ठीक आहे ना, त्याने विचारलं. मी जेवलास का विचारलं.

भिंत ठीक नाही. खिडकीच्या त्याच कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट पडली आहे.

हे छापून आल्यावर नितीन वाचणार, चिडणार आणि मिळेल त्या गाडीने येणार. यावंच त्याने. शिडी धरायला माणूस लागतोच, गवंड्यालाही सांगावं लागेल. पण कोयता लावण्याआधी गाऱ्हाणं घालायला हवं. ते आता मी घालणार, आणि 'व्हय म्हाराजा' म्हणायला घरचा असा तोच एक उरला आहे.