जुईची पहिली भाकरी

बायांनो, आज सकाळी आमच्या घरात सगळ्यांनी बसून एक परदेशी पिक्चर बघितला. एक आंधळं पोर आणि त्याचे आईबाप. भाषा मला कळली नाही, पण बाप पोराला नदीवर एकटं सोडतो तेव्हा माझा मुलगा आणि सून हुंदके देत होते.

शेजारीच आमची जुई त्यांचे हुंदके ऐकत बसलेली. माझी नात, जन्मापासून दिसत नाही तिला. पिक्चर संपल्यावर म्हणाली, "आजी, आज भाकऱ्या मी करू?"

सून ओरडली, "नको गं, भाजशील!"

मी सुनेला म्हटलं, "मी जल्मभर भाजतेय, माझ्यावर कोणी पिक्चर काढला नाय. सर बाजूला."

पहिली भाकरी तव्यावर टाकताना फाटली, बोटाला चटका बसला. सून धावली. मी सुनेचा हात धरून ठेवला. जुईने बोट पाण्यात बुडवलं आणि दुसरा गोळा घेतला. ती भाकरी फुगली नाही, पण अख्खी उतरली. तिच्या बापाने ती सगळी खाल्ली.

उद्यापण भाकऱ्या तीच करणार. ज्याला रडायचंय त्याने बाहेर जाऊन रडावं.

तुमच्या घरात कोणाला असं मायेने बसवून ठेवलंय का? मग उठवा की!