मीटरच्या कागदातली गाळलेली ओळ

यवतमाळात आर्णी रोडवर माझं गॅरेज होतं. मी बाबूंच्या घरातला; वडील कचेरीत, काका कचेरीत, आणि मी कॉलेज अर्धवट सोडून ग्रीसमध्ये हात घातलेला. घरी माझं कौतुक कधी झालं नाही. ते केलं उस्तादांनी, ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो. चारचौघांत म्हणायचे, "कान पाह्यजे तर याचा. डोळे मिटून सांगते इंजिनले काय झालं ते." या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

माझ्यासोबत शिकलेला एक गुरुभाऊ होता. सातवीपर्यंत शाळा, पण हाताला सफाई. तो पुण्याला रेसच्या गाड्या बनवणाऱ्या गॅरेजात राहिला आणि परत येऊन त्यानं माझ्या समोरच शटर उघडलं. ते कापसाचे वाईट दिवस होते. कापूस पडेल भावानं जायचा, गावोगावच्या जीपा दारातच उभ्या राहायच्या. एखादी गाडी धूर सोडत रस्त्यावर आली की ती कोणाकडे वळते, हे आम्ही दोघंही पाना हातात धरून पाहायचो.

त्यानं पुण्याहून एक मीटर आणलं होतं. सायलेन्सरच्या पाइपात सेन्सर बसवायचा, तो धुरातला ऑक्सिजन मोजतो, आणि इंजिनात हवा किती, पेट्रोल किती, ते काचेवर आकड्यात दिसतं; एका भाग पेट्रोलला हवेचे किती भाग, म्हणजे आकडा उतरला की पेट्रोल जास्त. मी हसलो होतो. पण आठवड्याभरात उस्तादांची खुर्ची माझ्या दारातून त्याच्या दारात गेली. सत्तरीचे उस्ताद लहान पोरासारखे त्या आकड्यांकडे बघत बसायचे. मी समोरून मुद्दाम एखादं इंजिन रेस करायचो. ते मान वळवायचे नाहीत. जेवताना बायकोनं काही विचारलं तरी मी त्याच्याबद्दलच बोलायचो.

मग एक दिवस तो स्वतःच आला. उस्तादांच्या जुन्या पेट्रोल जीपला सेन्सर बसवायचा होता. "पाइप लय पातळ हाये बावा. तुयासारखं वेल्डिंग मले जमत नाही," तो म्हणाला. मी पाइपाला भोक पाडून सेन्सर बसेल असा आट्यांचा जाड नट वेल्ड केला, थोडा वरच्या अंगाला कलता, म्हणजे पाइपातलं पाणी सेन्सरवर साचू नये. काम सुबक झालं. उस्ताद "वाह" म्हणाले, पण त्याच्याकडे बघून.

सेन्सर नवाच होता, तो बसवण्याआधी मीटर जुळवून घ्यावं लागे. त्यानं इंग्रजी कागद माझ्यासमोर धरला. "वाचून दे नं. पुण्याले दुसरेच लोक करत होते हे."

मी वाचलं. सेन्सर पाइपाबाहेर लटकवा. तापू द्या. बटन दाबून धरा, दिवा लुकलुकला की सोडा. त्यात आणखी एक ओळ होती: हे काम मोकळ्या, स्वच्छ हवेत, चालू इंजिनापासून लांब करा. ती ओळ मी डोळ्यांनी वाचली आणि तोंडानं गाळली.

त्याच्या शेडमध्ये एक मोटरसायकल सुरू ठेवलेली होती. सेन्सर लटकवला तो नेमका तिच्या सायलेन्सरच्या तोंडाशी. त्यानं बटन दाबलं. दिवा लुकलुकला. मीटरनं त्या धुराला शुद्ध हवा समजून घेतलं आणि त्याचं माप ताणलं गेलं; पेट्रोल जरा जास्त असलं तरी ते आता फारच जास्त दाखवणार होतं. मी कापडाला हात पुसत उभा होतो.

जीप चालवून बघितली तर जोर लावताना मीटर साडेअकरा दाखवू लागलं. साडेबारा असायला हवं होतं. "पेट्रोल पिऊन राह्यली हे गाडी," तो म्हणाला. त्या जीपचा कार्बोरेटर मीच जुळवलेला होता, कानानं. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. "तुया कान चुकला रे बेटा."

हे माझ्यावर मीच ओढवून घेतलं होतं. कान चुकला नाही म्हणायला गाळलेली ओळ सांगावी लागली असती. गुरुभावानं कार्बोरेटरमधला माझा जेट, पेट्रोल सोडणारी भोकाची पितळी गुंडी, काढून लहान भोकाचा जेट टाकला. मीटरवर साडेबारा आले. उस्ताद खूष झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं जीप घेऊन गावाबाहेरच्या चढावर गेलो. उस्ताद चालवत होते, तो शेजारी मीटर धरून, मी मागे. चढ लागला तसा इंजिनातून बारीक टकटक आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. पेट्रोल कमी पडत होतं, इंजिन आतून ठोकत होतं. गुरुभावाची नजर काचेवर होती, साडेबारावर. उस्तादांनी आणखी पाय दाबला.

"उस्ताद, आवाज येत नाही का तुम्हाले?" मी ओरडलो.

त्यांनी गाडी बाजूला घेतली. मग म्हणाले, "नाही येत. जवळचं बोलणं समजते, इंजिन नाही. दोन वर्षं झाले. कोणाले सांगतलं नाही. म्हणून तर याच्या दुकानात बसतो मी. आकडे दिसतेत मले."

मी खाली उतरलो आणि कागदातली ती ओळ सांगितली. गाळली हेही सांगितलं. गुरुभाऊ ओरडेल असं वाटलं होतं. तो रस्त्याच्या कडेला बसला. "मी तुले वाचाले देल्तं, काहून की मले येत नाही," एवढंच तो म्हणाला.

तिथेच, इंजिन बंद करून, गार होऊ देऊन आम्ही सेन्सर काढला. तुरीच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या मोकळ्या वाऱ्यात तो लटकवला आणि मीटर पुन्हा जुळवलं. जुना जेट त्याच्या खिशातच होता, तो परत बसवला. चढावर मीटर साडेबाराच दाखवत होतं आणि टकटक गेली होती. माझा कान बरोबर निघाला होता. कोणी तसं म्हटलं नाही, आणि मलाही ते ऐकायची सोय उरली नव्हती.

त्यानंतरही त्यानं मला वेल्डिंगला बोलावलं, अनेकदा. कागद मात्र कधी दिला नाही. ते तो शेजारच्या मेडिकलवाल्याकडून वाचून घ्यायचा. उस्ताद शेवटपर्यंत त्याच्याच दारात बसले. सकाळी समोरून मला हात करायचे, मीही करायचो. त्यांची खुर्ची तिकडे दिसली की आतून जळायचंच. आता ते का बसतात ते ठाऊक होतं, तरी जळायचं. फक्त मी इंजिन रेस करणं सोडून दिलं.