सरासरीतलं तूप

बंगळूरला मला पहिली नोकरी लागली ती लोकांच्या चुलीपाशी बसून त्यांचा शिधा तोलायची. पन्नासचं दशक संपत आलं होतं. एकेका घरी आठवडाभर रोज सकाळी जायचं, शिजायला निघालेला तांदूळ, डाळ, तेल तोलून लिहायचं आणि मिळकत विचारायची. त्यावरून आपल्याकडच्या सरासरी कुटुंबाची कमाई आणि खर्च काढून आमचं खातं ते इतर देशांच्या आकड्यांशी ताडून पाहणार होतं. हे सगळं लोकांना नीट समजावून सांगा, म्हणजे ते खरं बोलतील, असं आमच्या साहेबांचं मत. साहेब स्वतः कधी कुणाच्या चुलीपाशी बसले नव्हते.

बसवनगुडीच्या एका गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं एक मराठी घर माझ्या वाट्याला आलं. नवरा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. दोन शाळकरी मुली. त्यांच्या आईला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. मी साताऱ्याकडचा म्हटल्यावर तिने आधी पाट मांडला. मी पढवल्याप्रमाणे कामाचा हेतू सांगितला. ती जरा विचारात पडली.

"म्हंजे आमचं ताट बाहेरदेशची माणसं बघणार?"

"ताट नाही अक्का, नुसते आकडे."

"तेच की."

दुसऱ्या दिवशी तराजूत पांढराशुभ्र तांदूळ आला, तूरडाळ आली, तुपाची वाटी आली. पुढे एक दिवस शिराही झाला. मुली त्या तुपाकडे सणासुदीला बघावं तशा बघायच्या. छापखान्याच्या पगारात हे काही केल्या बसेना.

"अक्का, रोज तूप असतं?"

"असतंय की, स्वल्प. तू लिही."

तोलेल ते लिहायचं, असा नियम होता. मी लिहीत गेलो.

तराजूचं एक वजन त्यांच्याकडे राहिलं होतं. ते आणायला पुढच्या रविवारी दुपारी मी न कळवता गेलो. दार उघडंच होतं. मुली जेवायला बसल्या होत्या. पुढ्यात नाचणीचे उकडलेले गोळे आणि पाण्यासारखं सार. घरातला महिन्याचा तांदूळ त्या एका आठवड्यात संपला, हे धाकटीने सांगून टाकलं. थोरलीने तिला चिमटा काढला.

मला लाज वाटली, आणि अक्काचा संतापही आला. पोरींच्या तोंडचं काढून परक्यांच्या आकड्यांचा कसला पाहुणचार करायचा?

"उद्या मी ते कागद बदलतो," मी म्हणालो. "खरं काय ते लिहितो."

अक्काने पाट मांडला, एक गोळा माझ्याही ताटात वाढला.

"आज लिहायचं न्हाई न्हवं? मग जेव."

मी जेवू लागलो. मुली हात धुवायला मागे गेल्या तशी ती माझ्यासमोर बसली आणि हळू आवाजात बोलली.

"तू यायचास म्हणून आठ दिवस पोरी तूपभात पोटभर जेवल्या. पयल्यांदाच. ते खोटं न्हवं रे, त्यांनी खाल्लंय ते. ते खोडू नको."

मी खोडलं नाही.